शाळेच्या कागदावर अंगठा देण्याआधी

(मे १९९६ च्या अखेरीस झालेल्या पालक मेळाव्यातलं भाषण. ज्या पाड्यांतली घरं तोवर कामावरून परतली नव्हती त्यांच्यासाठी इथं देत आहोत. पाड्यावर एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, आणि मग आपसांत बोलावं.)



आजची सभा प्लॉटची नाही, शाळेची आहे. आता दोन आठवड्यांत शाळा उघडतील. वीटभट्टीवरून घरं परत आलीत, राब भाजून झालेत, सगळे पावसाकडे बघतायत. एकदा पाऊस लागला की पेरणी, मग लावणी, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही. म्हणून पोरांच्या नावाचं जे काम असतं ते ह्याच दिवसांत उरकायला पाहिजे.

काही साथींनी आम्हाला विचारलं, आपली संघटना जमिनीची, मग शाळेचं हे कशाला काढलं? रास्त प्रश्न आहे, त्याचं उत्तर आधी देतो.

जमिनीच्या लढ्यात आपण काय शिकलो ते आठवा. तलाठ्याच्या दप्तरात आपल्या नावासमोर काय लिहिलंय हे आपण विचारत नव्हतो, तोवर कसणारा आपण आणि सातबारा दुसऱ्याचा असं चालत राहिलं. मग आपण सातबाऱ्याची नक्कल मागायला शिकलो. जंगल खात्याने दंड केला की पावती मागायला शिकलो. ती पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली, आणि पुढे तीच पावती हा माणूस इथं कसत होता ह्याचा पुरावा झाली. शाळेतही तसंच एक दप्तर आहे. तिथंही आपल्या पोराच्या नावासमोर काहीतरी लिहिलं जातं. तिथंही आपल्याकडून कागदावर अंगठा घेतात. तलाठ्याला आपण विचारायला लागलो, पण मुख्याध्यापकाला अजून विचारत नाही.

इथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी १९४५ साल बघितलंय. उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी गोदावरीबाई परुळेकरांबरोबर उभं राहून वेठ मोडली. त्याच्या आधी काय होतं? सावकाराच्या वहीत जे लिहिलं असेल ते खरं. किती भात दिलं, किती फिटलं, काय राहिलं, ते त्यालाच माहीत. आपल्याला वाचता येत नव्हतं, म्हणून अंगठा घ्यायचा हक्क त्याचा आणि द्यायचं काम आपलं. त्याच माणसांची नातवंडं आज शाळेत जातायत. ती शिकावीत म्हणून आपण त्यांना पाठवतो. मग त्यांना शाळेत घालतानाच आपण न वाचता अंगठा दिला, तर पोरगं पहिल्याच दिवशी काय शिकलं? हेच, की कागद साहेबाचा आणि अंगठा आपला.

आता शाळेच्या नियमांकडे येऊ. गेल्या वर्षभर आम्ही पाड्यांवर विचारत होतो. ज्यांची पोरं आश्रमशाळेत आहेत त्यांना विचारलं, प्रवेशाच्या वेळी हमीपत्रावर अंगठा दिलात, त्यात काय होतं? बहुतेकांनी सांगितलं, ‘गुरुजी म्हणाले इथं द्या, म्हणून दिला.’ कुणी सांगितलं, ‘पोराची जबाबदारी आमची, असं काहीतरी होतं.’ पूर्ण कागद वाचून दाखवला होता असं सांगणारं घर आम्हाला क्वचितच भेटलं. म्हणून असले नियम एकेक घेऊन त्यांचा अर्थ काय, कोणता पाळायचा आणि कोणत्यावर विचारायचं, ते बघू.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. आम्ही नियमांच्या विरोधात नाही. संघटनेला नियम आहेत, गावाला आहेत, गावदेवाच्या पूजेलाही आहेत. आणि सगळे गुरुजी सारखे नसतात. एकाच खोलीत चार इयत्ता घेऊन बसलेला एकटा गुरुजी आम्ही बघितलाय. त्याच्याशी आपलं भांडण नाही, त्याला आपली मदतच पाहिजे. पण नियम दोन्ही बाजूंना बांधतो. दोर एकाच टोकाला बांधलेला असेल तर त्याला दावं म्हणतात.

पहिला नियम हजेरीचा. पोराने रोज यावं, वेळेवर यावं. हा नियम आपल्या फायद्याचा आहे आणि तो आपणच कडक पाळायला पाहिजे. पोर पहिल्या आठवड्यात गेलं नाही, मग लावणीत गेलं नाही, मग सणाला आलं ते परत गेलंच नाही, असं झालं की चौथीला पोचूनही त्याला नाव लिहिता येत नाही. मग आपणच म्हणतो, शाळेत काही शिकवत नाहीत. गुरं राखायला पाठवलेलं पोर आणि धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेली पोरगी, ह्या दोघांची शाळा आपण बुडवतो, सरकार नाही. पोरीचं तर जास्तच. धाकट्याला अंगणवाडीत घाला आणि मोठीला शाळेत पाठवा. पहिली ते चौथीच्या दारिद्र्यरेषेखालच्या आदिवासी मुलींना हजेरीमागे रोज १ रुपया उपस्थिती भत्ता द्यायची सरकारची योजना आहे. पोरगी घरी ठेवली तर तो भत्ताही जातो. आणि अठराच्या आत तिचं लग्न लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. हेही इथंच सांगतो, कारण पोरींची शाळा बऱ्याच वेळा लग्नासाठी सुटते.

पण हजेरीची दुसरी बाजू आहे. गेल्या वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीच्या सरकारने शाळेतल्या पोरांना तांदूळ द्यायची योजना सुरू केली. महिन्याला ३ किलो तांदूळ, पण ८० टक्के हजेरी असेल तरच. ऐकायला चांगलं आहे. आता आपल्या घरांचा हिशोब घ्या. दिवाळी झाली, भात झोडून झालं, की कातकऱ्यांची, वारल्यांची किती घरं पाडा सोडतात? भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल, जिथं वीटभट्टी तिथं आपण. पावसाळ्यात खायला नव्हतं म्हणून मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जायचं असतं. घराबरोबर पोर जातं. मे संपता संपता परत येतं. त्याची ८० टक्के हजेरी कशी भरणार? म्हणजे ज्याच्या घरात तांदूळ नाही म्हणून ते घर बाहेर पडलं, त्याच्याच पोराला तांदूळ मिळत नाही. आणि वर पटावरून नाव कमी होतं. परत आल्यावर त्याच इयत्तेत पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं असं झालं की पोर म्हणतं, मला लहान पोरांत बसायची लाज वाटते. मग ते कायमचं भट्टीवर.

ह्यावर गुरुजी काय करणार? त्याच्या हातात फार थोडं आहे. खरा इलाज पाड्यावर काम मिळण्याचा आहे. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू आहे. ५० मजूर उभे राहिले तर नवं काम काढावं लागतं. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यावा लागतो. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि लहान पोरांची सोय करावी लागते. पण आपण काम मागतो कधी? उचल घेऊन झाल्यावर. म्हणून ह्या वर्षी प्रत्येक पाड्याने कामाच्या मागणीचा अर्ज दिवाळीच्या आधी तहसील कचेरीत द्यायचा आणि पोच घ्यायची. आम्ही ह्याला शाळेचंच काम धरतो. रोजगार हमीचं एक काम निघालं की त्या पाड्यावरची पोरं शाळेत टिकतात.

ज्यांना जावंच लागेल त्यांनी दोन गोष्टी करा. आजी-आजोबा पाड्यावर राहत असतील तर पोर त्यांच्याकडे ठेवा, आणि शेजारच्या दोन घरांनी त्याच्या जेवणाकडे लक्ष द्यावं. हे संघटनेचं काम समजा. पोर बरोबर नेणारच असाल तर न सांगता नेऊ नका. मुख्याध्यापकाला अर्ज द्या, कुठे चाललो, कधी येणार ते लिहा, आणि भट्टीजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोर बसवायचं आहे म्हणून दाखला मागा. तिथल्या गुरुजीने नाही म्हटलं तर आम्हाला कळवा, पंचायत समितीत आम्ही बरोबर येऊ.

शाळा घराप्रमाणे वळू शकते, हे आपल्याच भागात झालेलं आहे. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा काढली. पोरं गुरं राखायला जातात, वर्गात येत नाहीत, हे त्यांनी बघितलं. त्यांनी पोरांची नावं कमी केली नाहीत. गुरं जिथं चरतात तिथं शिक्षक पाठवले आणि त्याला कुरणशाळा म्हटलं. शाळा उठून पोराकडे गेली. म्हणून कुणी ‘नियमात बसत नाही’ म्हटलं तर त्याला कोसबाडचं नाव सांगा.

दुसरा नियम स्वच्छतेचा. अंघोळ, नखं, केस, धुतलेले कपडे. पाळायचा. खरूज आणि उवा वाड्यावरही नकोत आणि शाळेतही नकोत. पण अंघोळीला पाणी पाहिजे. शाळेची विहीर मार्चमध्ये आटते आणि दीडशे पोरं ओढ्याच्या डबक्यावर जातात. तिथं पोराला घाणेरडा म्हणून ओरडायचं नाही, विहीर खोल करायची. तसंच उवा झाल्या म्हणून पोरीचे केस आईला न विचारता भादरायचे नाहीत. आईला बोलवा, ती स्वतः औषध लावेल.

तिसरा नियम, ‘शाळेत शुद्ध मराठीत बोलावे’. पोरांनी मराठी शिकायलाच पाहिजे. कचेरीत, कोर्टात, बाजारात तीच लागते, हा कागदही मराठीतच आहे. पण सहा वर्षांचं वारली पोर पहिल्या दिवशी मराठी कुठून आणणार? ते आपल्या बोलीत पाणी मागतं, वर्ग हसतो, गुरुजीही हसतो. मग ते गप्प बसतं. शेवटी शेरा पडतो, ‘मुलगा मंद आहे’. मंद नाही, त्याला गप्प केलंय. घटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम घातलं. भाषेने अल्पसंख्य असलेल्यांच्या पोरांना प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकवायची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं त्यात आहे. तेव्हा आपली मागणी साधी ठेवू. पहिली-दुसरीत गुरुजीने पोराचे शब्द समजून घ्यावेत, त्याच्या बोलीतून मराठीकडे न्यावं, आणि बोलीवरून मारू नये, हसू नये. पाड्यावरचं शिकलेलं पोरगं वर्गात मदतीला बसायला तयार असेल तर त्याला बसू द्यावं.

चौथा नियम, पालकांनी ठरलेल्या दिवशीच भेटावं. रोज कुणीतरी आलं तर वर्ग चालत नाही हे खरं. पण दिवस आपल्याला विचारून ठरवा. बाजाराच्या दिवशी आई बाजाराला येतेच, तिचा रोज बुडत नाही. दुसऱ्या दिवशी यायचं तर मजुरी जाते आणि एसटीचं भाडं वेगळं. म्हणून भेटीचा दिवस बाजाराचा ठेवा, हे मागायचं. भेटायला गेलात की पोराचं जेवण बघा, झोपायची जागा बघा, संडास बघा. ‘आत जायला परवानगी नाही’ असं कुणी म्हटलं तर विचारा, पोर आत राहतं, मग आईने आत का बघू नये? आणि बापांनो, शाळेत दारू पिऊन जाऊ नका. तुमचं खरं असलेलं बोलणंही त्या वासात बुडतं. वर पोराला मान खाली घालावी लागते ते वेगळंच.

पाचवा नियम, ‘विद्यार्थी पळून गेल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’. हे वाक्य हमीपत्रात असेल तर अंगठा देऊ नका. खोडून द्या म्हणून सांगा. पोर शाळेच्या पटावर आहे, रात्री शाळेच्या छपराखाली झोपतं, सरकार त्याच्या नावाने शाळेला पैसे देतं, मग जबाबदारी कुणाची? पोर डोंगर ओलांडून रात्रीचं घरी येतं तेव्हा आपणही काय करतो? दोन थापडा देऊन सकाळी परत नेऊन सोडतो. आधी विचारा, का आलास? भूक होती, मोठ्या पोरांनी मारलं, ताप होता, की नुसती आईची आठवण आली? उत्तरावरून ठरवा. तसंच आजाराचं. पोराला ताप आला तर त्याच दिवशी घरी निरोप आणि त्याच दिवशी दवाखाना, हे हमीपत्रावर शाळेनेच लिहून द्यायला पाहिजे. पोर बरं नाही हे बाजारात दुसऱ्याकडून कळावं, हे ह्यापुढे चालू द्यायचं नाही.

सहावी गोष्ट कामाची आणि माराची. आपलं ताट आपण धुवावं, आपली खोली झाडावी, शाळेच्या बागेला पाणी घालावं, ह्यात वाईट काही नाही. आपली पोरं कामाला भीत नाहीत. पण गुरुजीच्या घरचं पाणी भरणं, संस्थेच्या चालकाच्या शेतावर लावणी करणं, जंगलातून लाकूड फोडून आणणं, ही वेठ आहे. आजोबांनी मोडलेली वेठ नातवाने शाळेत करायची नाही. आणि मार. काही बापच सांगतात, ‘गुरुजी, हाडं आमची, मांस तुमचं, मारा पण शिकवा.’ हे बोलणं सोडा. माराने पोर पाढा शिकत नाही, भीती शिकतं. शाळेत काठी बघितलेलं पोर पुढे फॉरेस्ट गार्डपुढेही हात जोडून उभं राहतं.

सातवी गोष्ट पैशाची. आश्रमशाळेत राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सरकारी खर्चाने द्यायची असतात. ती दान म्हणून मिळत नाहीत, योजनेत आहेत. तरी कुठे परीक्षेचे म्हणून, कुठे दाखल्याचे म्हणून, कुठे स्नेहसंमेलनाचे म्हणून मागतात. आपला नियम जुनाच आहे. पावती द्या, मग पैसे. पावती मिळत नसेल तर पैसेही नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी ही सभा घेतली. शाळेत एक मोठं रजिस्टर असतं, जनरल रजिस्टर म्हणतात. त्यात एका ओळीत पोराचं पूर्ण नाव, जात, जन्माचं ठिकाण, जन्मतारीख, कधी आलं, कधी गेलं, का गेलं, हे लिहितात. शाळा सोडल्याचा दाखला ह्याच ओळीवरून निघतो. ही ओळ म्हणजे पोराचा सातबारा.

त्यात काय चुकतं? नाव चुकतं. पोर बुधवारी जन्मलं म्हणून आपण बुध्या म्हणतो, गुरुजीला ते आवडत नाही, तो त्याच्या मनाने दुसरं नाव लिहितो. रेशनकार्डावर एक, शाळेत दुसरं. पुढे बापाच्या जमिनीवर वारस लावायची वेळ आली की तलाठी विचारतो, हे दोघं एकच कशावरून?

जन्मतारीख चुकते. आपल्याला तारीख सांगता येत नाही, आपण सांगतो ‘होळीच्या आधी, त्या मोठ्या पावसाच्या वर्षी’. गुरुजी लिहितो, १ जून. पाड्यावरच्या पोरांच्या तारखा बघा, निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली सापडतील. तारीख एक वेळ चालेल, पण वर्ष चुकलं तर नोकरीच्या वयात पोर बसत नाही. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्माची नोंद व्हायलाच पाहिजे, ती ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे असते. तो दाखला काढून शाळेत द्या.

आणि जात चुकते. कुठे नुसतं ‘हिंदू’ लिहितात, कुठे नुसतं ‘कोळी’. सरकारच्या यादीत ‘कोळी महादेव’ आहे, ‘कोळी मल्हार’ आहे, नुसतं कोळी त्या यादीत नाही. एक शब्द गुरुजीने लिहिला नाही म्हणून पोर आदिवासी राहत नाही. १९७६ च्या कायद्याने यादीवरची इलाख्याची अट निघाली. त्यानंतर नावासारखं नाव असलेले अनेक बिगर-आदिवासी आपल्या सवलतींत घुसायला लागले. म्हणून तपासणी कडक झाली, आणि १९९४ साली सुप्रीम कोर्टाने जात पडताळणीची पद्धत घालून दिली. खोटे अडकावेत म्हणून ती आहे आणि ती पाहिजेच. पण ह्या तपासणीत पहिला कागद मागतात तो शाळेचा, पोराचा आणि बापाचा. खोट्याकडे वकील असतो, तो कागद बनवून आणतो. खऱ्या आदिवासीचा कागद मात्र गुरुजीच्या घाईने चुकलेला असतो. १९७४ आणि १९७५ च्या कायद्यांनी बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन परत मागता येते. तिथंही मागणारा आदिवासी आहे हे कागदावर दिसावं लागतं. आता तरी कळलं ना, जमिनीच्या संघटनेने शाळेचं का काढलं?

ही नोंद पोर शाळेत आहे तोवर दुरुस्त होऊ शकते. पोर शाळा सोडून गेलं की फार अवघड होतं. शिक्षणाधिकाऱ्याची परवानगी, अर्ज, खेपा, आणि तरी होईलच असं नाही. म्हणून आज बघायचं, ह्या जूनमध्ये.

आता हक्काचं एक वाक्य. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागितलं, की बारा वर्षांपर्यंत सगळ्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. घटना १९५० साली लागू झाली. तिच्या ४५ व्या कलमात लिहिलं, दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सगळ्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकारने करावा. दहा वर्षं १९६० लाच संपली. १९९३ साली सुप्रीम कोर्टाने उन्नीकृष्णन खटल्यात म्हटलं की १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे शाळेची पहिली हमी सरकारने आपल्याला द्यायची आहे. पालकांचं हमीपत्र त्याच्या नंतर.

शेवटी, काय करायचं ते ठरवून उठू.

एक. शाळा उघडल्यावर पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक घराने शाळेत जाऊन रजिस्टरमधली पोराची ओळ वाचून घ्यायची. नाव, जन्मतारीख, जात. रेशनकार्ड आणि बापाचा दाखला असेल तर तो बरोबर न्यायचा. एकट्याने जाऊ नका, चार घरं मिळून जा. वाचता येणारं कुणीतरी बरोबर असू द्या. भांडायला जायचं नाही, बघायला जायचं आहे.

दोन. चूक सापडली तर त्याच दिवशी लेखी अर्ज. दोन प्रती करायच्या. एक शाळेला, दुसरीवर पोच घेऊन घरी. ही प्रत दंडाच्या पावतीशेजारी पेटीत ठेवायची.

तीन. हमीपत्र पूर्ण वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच. न पटणारी ओळ खोडून मागायची. आणि शाळा काय देणार ते त्याच कागदावर खाली लिहून मागायचं. जेवण, कपडे, आजाराचा निरोप, भेटीचा दिवस. प्रवेश देणार नाही म्हणाले तर तिथंच थांबा, वाद वाढवू नका, आम्हाला निरोप द्या. आश्रमशाळा असेल तर प्रकल्प कार्यालयात, जिल्हा परिषदेची असेल तर पंचायत समितीत, आपण मिळून जाऊ.

चार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घालायचा. गुरुजी किती दिवस आला, पोरं किती दिवस आली, पाणी आहे का, तांदूळ किती आला आणि किती वाटला. दोन्हीकडची हजेरी तिथं वाचून दाखवायची.

पाच. रोज संध्याकाळी पोराला वही उघडायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसेल तरी चालेल. पानं मोजा, आज किती भरली बघा. पोराला म्हणा, काय लिहिलंस ते वाचून दाखव. महिनाभर वहीचं पान भरलं नाही तर चुकतंय कुठे, पोरात की शाळेत, हे तुम्हाला शिकलेल्या माणसाला न विचारता कळेल.

प्रत्येक पाड्याने पहिल्या तीन गोष्टींत काय झालं ते जूनच्या अखेरीपर्यंत कळवावं. किती ओळी वाचल्या, किती चुकलेल्या निघाल्या, किती अर्ज दिले, इतकं लिहिलं तरी पुरे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या पोराकडून लिहून घ्यावं. तेवढं ते शाळेत नक्की शिकलेलं आहे.

जिंदाबाद!